नायब कोणाचा?

सन २०२५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या चार तारखेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं व्हर्जिनिया संस्थानांत जी निवडणूक झाली, तींत लेफ्टनंट गव्हर्नरच्या, म्हणजे आपल्या भाषेंत नायब गव्हर्नरच्या, जागीं गझाला हाश्मी या बाई निवडून आल्या. बाईंचा जन्म १९६४ सालीं हैदराबादेस झाला. ज्या हैदराबादेहून १९५६ पर्यंत आमच्या मराठवाड्याचाहि कारभार चालत असे, तेंच हें शहर. लहानपणींच त्या अमेरिकेंत गेल्या, तेथें वाङ्मयाचा अभ्यास करून त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली, सुमारें तीस वर्षें अध्यापनांत घालविलीं आणि २०१९ सालीं व्हर्जिनियाच्या सेनेटांत प्रवेश केला. संस्थानाच्या सर्व मतदारांनीं मिळून निवडून दिलेली पहिली मुसलमान स्त्री असा मान संबंध अमेरिकेंत त्यांस मिळाला आहे. शेजारच्या मेरीलँड संस्थानांत याच पदावर २०२३ च्या जानेवारींत आरूढ झालेल्या अरुणा मिलर यांचाहि जन्म १९६४ सालींच आणि हैदराबादेसच झाला, हा योगायोगहि लक्षांत ठेवण्याजोगा आहे. अशा बातम्यांनीं आमच्या लोकांस आनंद व्हावा हें स्वाभाविकच होय. परंतु नांव आणि जन्मगांव एवढ्यावर संतोष मानून वर्तमानपत्राचें पान उलटावें, असा हा प्रसंग नव्हे. ज्या पदाविषयीं हा आनंद, तें पद आहे तरी काय, त्यावर माणूस कोण बसवितो, आणि बसल्यावर तो जबाब कोणाला देतो, या तीन प्रश्नांचा विचार केल्यावांचून हा आनंद अर्धवटच म्हटला पाहिजे.

अमेरिकेंत एकंदर ५० संस्थानें. त्यांपैकीं ४५ संस्थानांत २०२५ च्या अखेरीस लेफ्टनंट गव्हर्नर हें पद होतें. टेनेसी व वेस्ट व्हर्जिनिया या दोहोंत सेनेटच्या अध्यक्षासच हें बिरुद मिळतें. बाकीच्या ४३ संस्थानांत मात्र लोकांनीं मतें देऊन हा अधिकारी निवडावयाचा असतो. गव्हर्नर मेला, त्यानें राजीनामा दिला, किंवा तो पदच्युत झाला, तर त्याच्या जागीं यानें बसावें, हें या पदाचें सर्वत्र सारखें असलेलें मुख्य काम. पुष्कळ संस्थानांत याशिवाय सेनेटचें अध्यक्षस्थान त्याच्याकडे असतें, आणि दोन्ही बाजूंचीं मतें समसमान पडलीं म्हणजे निर्णायक मत त्यानें द्यावयाचें असतें. व्हर्जिनियांत नेमकें हेंच आहे. तेथील सेनेटचे सभासद ४०. २०२३ च्या निवडणुकींत एका पक्षास २१ व दुसऱ्यास १९ जागा मिळाल्या. म्हणजे एका माणसानें बाजू बदलली कीं तराजूचीं पारडीं बरोबर, आणि मग कांटा कोणीकडे झुकावयाचा तें या अध्यक्षाच्या एका मतावर! २०११ च्या निवडणुकीनंतर त्या सभागृहांत बरोबर २० विरुद्ध २० अशी स्थिति झाली होती, व त्या वेळीं बिल बॉलिंग या लेफ्टनंट गव्हर्नरच्या मतानें सभागृहाची सत्ता कोणत्या पक्षाकडे जावी तें ठरलें. या पदाचा वर्षाचा पगार अवघा ३६ हजार डॉलरांच्या आसपास. ज्याचा पगार लहान, त्याची सत्ताहि लहानच असली पाहिजे, असें समजणारा मतदार कसा फसतो याचें हें चांगलें उदाहरण आहे.

टेक्सास संस्थानांत तर हें पद लहान आहे असें कोणी म्हणूंच नये. तेथील लेफ्टनंट गव्हर्नर सेनेटच्या समित्या नेमतो, कोणतें विधेयक कोणत्या समितीकडे जावें तें ठरवितो, आणि अर्थसंकल्पाची आंखणी करणाऱ्या मंडळाचें सहअध्यक्षपदहि त्याच्याकडेच असतें. बिल हॉबी यांनीं १९७३ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षें, हें पद भोगिलें. त्या अवधींत गव्हर्नर आले आणि गेले. तेथील राजकारण जाणणारे लोक म्हणतात कीं, गव्हर्नरपेक्षां हा नायबच भारी. नांवांत ‘नायब’ हा शब्द आहे, एवढ्यावरून माणसाचें वजन करूं नये, हें व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. पुष्कळ पेढ्यांवर शेठजीचें नांव पाटीवर असतें आणि किल्ल्या मुनीमाच्या कमरेला असतात.

आतां निवडणुकीच्या पद्धतीकडे वळूं. या बाबतींत अमेरिकेंत दोन प्रकार आहेत. मेरीलँडसारख्या संस्थानांत गव्हर्नर व नायब यांची जोडी असते. मतदारानें एकच मत द्यावयाचें, तें दोघांनाहि पोंचतें. व्हर्जिनियासारख्या सुमारें १७ संस्थानांत मात्र दोघांसाठीं मतें निरनिराळीं देतात. एका पक्षाचा गव्हर्नर आणि दुसऱ्या पक्षाचा नायब असेंहि त्यामुळें घडूं शकतें. पहिल्या प्रकारांत नायब हा गव्हर्नरचा माणूस. दुसऱ्यांत तो लोकांचा माणूस, असें वरवर दिसतें. परंतु वरवरचें दिसणें आणि खरें असणें यांत किती अंतर असतें तें पुढील कांहीं हकीकतींवरून कळून येईल.

आयडाहो संस्थानांत हीं दोन्ही पदें स्वतंत्र मतांनीं भरतात. सन २०२१ च्या मे महिन्यांत तेथील गव्हर्नर ब्रॅड लिटल हे परिषदेसाठीं टेनेसी संस्थानांत गेले. गव्हर्नर सरहद्दीबाहेर गेला कीं त्याचे अधिकार नायबाकडे येतात, असा तेथील नियम. महामारीचे दिवस होते. लेफ्टनंट गव्हर्नर जॅनिस मॅकगीचिन या बाईंनीं संधि साधून, कोणत्याहि सरकारी संस्थेनें किंवा शाळेनें तोंडावर मास्क बांधण्याची सक्ति करूं नये, असा हुकूम स्वतःच्या सहीनें काढला. गव्हर्नर परत आले आणि त्यांनीं तो हुकूम लागलीच रद्द केला. ऑक्टोबरांत गव्हर्नर टेक्सासच्या सरहद्दीवर गेले तेव्हां, लस टोंचून घेण्याच्या सक्तीसंबंधानें, पुन्हां तोच प्रकार घडला! दोघेहि एकाच पक्षाचे, ही यांतील विशेष गंमत. पुढच्या वर्षीं बाईंनीं गव्हर्नरच्या जागेसाठीं त्यांच्याविरुद्धच उमेदवारी केली व त्या हरल्या. कॅलिफोर्नियांत १९७९ सालीं असाच प्रकार झाला. गव्हर्नर जेरी ब्राउन परगांवीं असतां भिन्न पक्षाचे नायब माइक कर्ब यांनीं वरिष्ठ न्यायालयाच्या एका न्यायाधिशाची नेमणूक केली. ब्राउन यांनीं परत येतांच ती मागें घेतली. आणि प्रकरण संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. न्यायालयानें सांगितलें कीं, गव्हर्नर बाहेर असतां नायबास पूर्ण अधिकार आहे, परंतु नेमणूक पक्की होण्यापूर्वीं गव्हर्नर परत आला तर त्यास ती रद्द करतां येते. शेठजी यात्रेस निघाले कीं मुनीमानें दुकानाचे भाव बदलावे, व शेठजींनीं परत येऊन ते पुन्हां पूर्ववत् करावे, अशा पेढीवर गिऱ्हाइकानें विश्वास कसा ठेवावा?

यावर कोणी म्हणेल कीं, असें आहे तर जोडीचीच पद्धति बरी. लोकांनीं गव्हर्नर पाहावा, नायब आपोआप ठीक निघेल. या आपोआपाचें फळ इलिनॉय संस्थानानें दोनदां चाखलें आहे. तेथें सार्वत्रिक निवडणूक जोडीची, परंतु पक्षांतर्गत निवड मात्र दोघांची निरनिराळी, अशी विलक्षण व्यवस्था होती. १९८६ सालीं डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांनीं गव्हर्नरपदासाठीं ॲडलाय स्टीव्हन्सन यांस निवडलें. आणि नायबाच्या जागेकडे कोणाचें लक्ष नसल्यामुळें तेथें लिंडन लारूश या अतिरेकी पुढाऱ्याचा एक अनुयायी निवडून आला. अशा सोबत्याबरोबर उभें राहण्यापेक्षां स्टीव्हन्सन यांनीं आपल्या पक्षाचीच उमेदवारी सोडली, नवा पक्ष काढून त्याच्या नांवानें निवडणूक लढविली आणि ते पडले. चोवीस वर्षांनीं, २०१० च्या फेब्रुवारींत, त्याच पक्षाच्या मतदारांनीं नायबाच्या जागीं गहाण ठेवून पैसे देणारा एक श्रीमंत सावकार निवडला. त्याच्या खासगी वर्तनाविषयीं गंभीर गोष्टी निकालानंतर चव्हाट्यावर आल्या आणि थोड्याच दिवसांत त्यास उमेदवारी सोडावी लागली. तेव्हां कोठें कायदा बदलला, आणि पक्षांतर्गत निवडहि जोडीनेंच व्हावी असें ठरलें. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या दोन्ही वेळीं कोणीं मतपेट्या पळविल्या नव्हत्या, कोणीं मतदारांस धाक दाखविला नव्हता. मतदारांनींच न पाहतां मत दिलें. सत्ता बळकावण्यास दरोडेखोरच लागतात असें नाहीं. दाराला कडी लावावयास घरधनी विसरला तरी पुरें होतें.

व्हर्जिनियाच्या २०२५ च्या निवडणुकीकडेहि याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. जूनमध्यें डेमोक्रॅटिक पक्षाच्या पक्षांतर्गत निवडणुकींत सहा उमेदवार होते. हाश्मीबाईंस एकंदर मतांच्या ३० टक्क्यांहूनहि कमी मतें मिळालीं, पण तीं इतरांपेक्षां अधिक असल्यामुळें उमेदवारी त्यांची झाली. नोव्हेंबरांत त्यांस ५५ टक्क्यांहून अधिक मतें मिळालीं व रिपब्लिकन पक्षाचे जॉन रीड पडले, यांत त्यांचा विजय निर्विवाद आहे. तथापि या दोन उमेदवारांचा एकाच व्यासपीठावर समोरासमोर वाद झालाच नाहीं. बाई वादास आल्या नाहींत, तेव्हां रीड यांनीं यंत्रबुद्धीच्या साहाय्यानें बाईंची प्रतिकृति बनवून तिच्याशीं वाद घातल्याचा देखावा केला! आमच्या मतें यांत दोघांचीहि चूक आहे. मतदारांसमोर प्रतिपक्ष्याच्या प्रश्नांस उत्तरें देणें हें उमेदवाराचें कर्तव्य आहे, आणि तें टाळणें हा विद्वान बाईंच्या लौकिकास न शोभणारा प्रकार झाला. उलटपक्षीं, ज्या माणसानें एक शब्दहि उच्चारला नाहीं त्याच्या तोंडीं यंत्रानें शब्द घालणें, ही तर लोकमतास भुरळ घालण्याची नवीच युक्ति आहे. आज ती थट्टेवारी नेली गेली असेल. उद्यां तिचा उपयोग कोण कसा करील याचा नेम नाहीं.

मग असलें पद ठेवावेंच कशाला, असा प्रश्न साहजिकच निघतो. मेन, न्यू हॅम्पशायर, ओरेगॉन व वायोमिंग येथें हें पद नाहीं, आणि तेथील राज्यकारभार बंद पडलेला नाहीं. परंतु नायब नसल्यामुळें काय होतें तेंहि पाहावें. न्यूयॉर्क संस्थानांत २००८ सालीं गव्हर्नरनें राजीनामा दिला आणि नायब डेव्हिड पॅटरसन हे गव्हर्नर झाले. नायबाची जागा रिकामी राहिली. पुढच्या वर्षीं जूनमध्यें सेनेटांत फुटाफूट होऊन ३१ विरुद्ध ३१ अशी कोंडी झाली. अध्यक्ष कोण याचाच निर्णय होईना, निर्णायक मत देणारा नायब नाहीं, आणि सुमारें महिनाभर त्या मोठ्या संस्थानाचें वरिष्ठ सभागृह तटून बसलें. शेवटीं गव्हर्नरनें आपल्या अधिकारांत नायब नेमला. ती नेमणूक कायदेशीर कीं बेकायदेशीर याचा निकाल न्यायालयानें चार विरुद्ध तीन अशा काठावरच्या बहुमतानें नेमणुकीच्या बाजूनें दिला. ॲरिझोनांत हें पदच नव्हतें. त्यामुळें २००९ सालीं डेमोक्रॅटिक गव्हर्नर राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळांत गेल्या, तेव्हां त्यांच्या जागीं रिपब्लिकन पक्षाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट आल्या. एकहि मत न पडतां संस्थानाची गादी एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली. अखेर २०२२ सालीं तेथील मतदारांनीं हें पद निर्माण करण्यास संमति दिली, आणि २०२६ च्या निवडणुकीपासून तें अंमलांत यावें असें ठरलें.

याहून बोधप्रद उदाहरण न्यू जर्सीचें आहे. त्या संस्थानांत आपलीं मराठी कुटुंबें पुष्कळ असल्यामुळें ही हकीकत आमच्या कित्येक वाचकांच्या मुलानातवंडांशीं संबंध असलेली आहे. तेथें २००१ व २००४ अशा दोन वेळां गव्हर्नर मुदत संपण्यापूर्वींच गेले आणि सेनेटचा अध्यक्षच हंगामी गव्हर्नर झाला; म्हणजे कायदा करणाऱ्यांचा प्रमुख व कायदा अंमलांत आणणाऱ्यांचा प्रमुख एकच! हें अयोग्य आहे अशी खात्री होऊन २००५ सालीं घटना सुधारली आणि २००९ सालीं पहिला लेफ्टनंट गव्हर्नर निवडला गेला. यांत दोन गोष्टी विशेष आहेत. एक, निवड जोडीची. दुसरी, नायबास गव्हर्नरनें कारभाराचें एखादें खातें किंवा आपल्या कामांपैकीं कांहीं काम दिलेंच पाहिजे, त्यास रिकामें बसवितां येत नाहीं. ज्यास उद्यां सगळा कारभार पाहावा लागेल, त्यास आज एका खात्याचा तरी हिशेब ठेवतां आला पाहिजे, हें तत्त्व अगदीं शहाणपणाचें आहे.

एकंदर विचार करतां आमचें मत असें आहे. नायब असावा, तो लोकांनींच निवडलेला असावा, गव्हर्नरबरोबर त्याचें नांव पक्षांतर्गत निवडणुकीपूर्वींच जाहीर व्हावें, म्हणजे पाहून घेण्यास मतदारांस अवधि मिळेल, त्यास नेमून दिलेलें काम असावें, आणि गव्हर्नर केवळ परगांवीं गेला एवढ्यानें त्याचे अधिकार नायबाकडे जाऊं नयेत. तारायंत्र नव्हतें त्या काळीं हा नियम ठीक होता. आतां जगाच्या पाठीवर कोठेंहि बसून हुकूम देतां येतो, तेव्हां त्याचें प्रयोजन उरलें नाहीं. स्वतंत्र निवडीनें नायब हा गव्हर्नरवर लोकांचा पहारेकरी होतो, असें त्या पद्धतीचे अभिमानी म्हणतात. तें अगदींच खोटें नाहीं. परंतु पहारा ठेवण्यास कायदेमंडळ आहे, न्यायालय आहे, वर्तमानपत्रें आहेत. पहारेकऱ्यास धन्याच्या गैरहजेरींत तिजोरी उघडण्याची मुभा देणें हा पहारा नव्हे.

येथवर परक्या देशाची गोष्ट झाली. परंतु ‘लेफ्टनंट गव्हर्नर’ हे शब्द आमच्या देशास नवे नाहींत. १८५४ सालीं बंगालवर पहिला लेफ्टनंट गव्हर्नर नेमला गेला. १९१९ सालीं अमृतसरच्या जालियनवाला बागेंत निरपराध लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हां पंजाबावर असाच एक लेफ्टनंट गव्हर्नर, मायकेल ओड्वायर, बसला होता, आणि त्यानें त्या कृत्याचें समर्थनच केलें. त्यास पंजाबच्या एकाहि माणसानें मत दिलें नव्हतें, म्हणून पंजाबच्या एकाहि माणसास जबाब देण्याची त्यास गरज वाटली नाहीं. स्वराज्य आलें, माणसें बदललीं, हेतु बदलले. परंतु पद मात्र नेमणुकीचेंच राहिलें. गोमंतक १९६१ सालीं मुक्त झाला. १९६३ पासून तेथें लोकनियुक्त विधानसभाहि होती. तरी १९८७ च्या मे महिन्यांत घटक राज्याचा दर्जा मिळेपर्यंत तिच्यावर दिल्लीनें नेमलेला नायब राज्यपाल होता. दिल्ली शहरांत लोकांनीं निवडलेलें मंत्रिमंडळ आणि राष्ट्रपतींनीं नेमलेला नायब राज्यपाल यांचा झगडा वर्षानुवर्षें चालला. २०१८ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, नायब राज्यपालानें सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेंच वागलें पाहिजे; २०२३ च्या मे महिन्यांत नोकरवर्गावरील अधिकारहि बहुतांशीं मंत्रिमंडळाचा ठरविला; परंतु थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला आणि ऑगस्टमध्यें कायदा होऊन तो अधिकार पुन्हां फिरला. जम्मू-काश्मीर २०१९ सालीं राज्याचें केंद्रशासित प्रदेश झालें. २०२४ सालीं तेथें विधानसभेची निवडणूक झाली, आणि पोलीस व सुव्यवस्था मात्र नायब राज्यपालाकडेच ठेविलीं गेलीं. राजधानी व सरहद्द यांच्या अडचणी खऱ्या आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि लोकांनीं मत देऊन माणूस निवडावा, आणि किल्ल्या मात्र ज्यास मत दिलें नाहीं त्याच्याकडे राहाव्या, ही व्यवस्था अपवाद म्हणून फार तर सोसतां येईल; नियम म्हणून ती शिरजोर होऊं लागली तर निवडणुकीस अर्थ काय उरला? व्हर्जिनियानें हाच प्रश्न १८५१ सालीं आपल्या घटनेंत सोडविला आणि हें पद मतदारांच्या हातीं दिलें.

दुय्यम पदाकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें, हें पाहण्यास आम्हां महाराष्ट्रीयांस अमेरिकेंतहि जावयास नको. आमच्या विधानसभेच्या अध्यक्षाची जागा २०२१ च्या फेब्रुवारींत रिकामी झाली, ती २०२२ च्या जुलैपर्यंत भरलीच नाहीं. सर्व काम उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ पाहात होते. २०२२ च्या जूनमध्यें शिवसेना फुटली, आणि सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढण्याचा प्रसंग या उपाध्यक्षांवर आला. तो अधिकार त्यांस आहे कीं नाहीं यावर सर्वोच्च न्यायालयांत वाद माजला. उपाध्यक्ष कोण आहे, त्याचें नांव काय, हें त्या जूनपूर्वीं आमच्यापैकीं कितीजणांस ठाऊक होतें? लोकसभेंत तर २०१९ ते २०२४ या संबंध मुदतींत उपाध्यक्ष निवडलाच गेला नाहीं, आणि त्याबद्दल देशांत जेवढा गवगवा व्हावयास पाहिजे होता तेवढा झाला नाहीं. आमच्या नगरपालिकांत नगराध्यक्ष लोकांनीं थेट निवडावा असें २०१६ सालीं ठरलें, २०२० सालीं तें फिरलें, २०२२ सालीं पुन्हां आलें. सरकार बदललें कीं पद्धति बदलली; आणि मतदारास प्रत्येक वेळीं काय विचारलें? कांहींच नाहीं. व्यापारी बंधूंनीं याचा विशेष विचार करावा. बाजाराचा रस्ता, दुकानाचा परवाना, मालमत्तेचा कर, या गोष्टी ज्यांच्या सहीनें ठरतात, त्यांची निवड कोणत्या नियमानें होते हें आपल्या खतावणीच्या पहिल्या पानाइतकें आपणांस पाठ असावयास पाहिजे.

शेवटीं, ज्या गोष्टीनें आरंभ केला तिजकडे पुन्हां येऊं. व्हर्जिनिया हें एके काळीं गुलामांच्या बाजारांचें संस्थान. १९०२ सालच्या त्याच्या घटनेनें मतासाठीं डोईपट्टी लावून काळ्या लोकांस मतदानापासून दूर ठेविलें. हिंदी मनुष्यास अमेरिकेचें नागरिक होतां येत नाहीं, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत १९२३ सालीं दिला, आणि ती बंदी १९४६ पर्यंत टिकली. त्याच व्हर्जिनियांत १९८५ सालीं डग्लस वाइल्डर, गुलामांचा नातू, लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि १९८९ सालीं अर्ध्या टक्क्याहूनहि कमी मताधिक्यानें गव्हर्नर निवडला गेला. २०२१ सालीं जमेकांत जन्मलेल्या विन्सम सीअर्स या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री झाल्या. २०२५ सालीं हाश्मीबाई. आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रीड हे आपण समलिंगी असल्याचें उघडपणें सांगणारे उमेदवार होते. पन्नास वर्षांपूर्वीं या दोघांपैकीं कोणासहि पक्षानें दारांत उभें केलें नसतें. हा बदल कायद्यानें झाला, चळवळीनें झाला, आणि न कंटाळतां लहानसान पदांच्या निवडणुकींत मत देत राहिलेल्या सामान्य मतदारांनीं झाला.

आम्ही हाश्मीबाईंच्या निवडीनें आनंदित होतों, तेव्हां स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे. परप्रांतांत जन्मलेली, परधर्माची, घरीं दुसरी भाषा बोलणारी एखादी शिक्षिका आमच्या गांवांत वीस वर्षें राहून उद्यां उपनगराध्यक्षाच्या जागीं उभी राहिली, तर आम्ही तिचें काम पाहूं कीं तिचें आडनांव? याचें उत्तर देतांना जर आमची जीभ अडखळत असेल, तर परदेशांतील लेकींच्या विजयाचे पेढे वाटण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. हैदराबादच्या मुलीस व्हर्जिनियाच्या लोकांनीं नायब केली. नायब कोणाचा, या प्रश्नास त्यांनीं ‘आमचा’ असें उत्तर दिलें आहे. आमच्या पुढील मतपत्रिकेवर ज्या ज्या दुय्यम पदाचें नांव असेल, त्या त्या पदासाठींहि तेंच उत्तर देण्याची तयारी वाचकांनीं आजपासून करावी.